झेजियांग, नोव्हेंबर २०१८ : इंग्रजीच्या एका पेपरचं प्रकरण

शर्ट केवढ्याला? एकोणीस पौंड पंधरा पेन्स, नऊ पौंड अठरा, की नऊ पौंड पंधरा? चीनमध्ये गेल्या काही वर्षांत शाळा संपवून बाहेर पडलेल्या कुणाही तरुणाला हे तीन आकडे सांगा, तो नऊ पौंड पंधरावर बोट ठेवेल. इंग्रजीच्या पेपरात श्रवणाचा भाग सुरू होतो तिथे हा प्रश्न नमुना म्हणून छापलेला असतो. त्याला गुण नाहीत. वर्षानुवर्षं तोच शर्ट आणि तीच किंमत. ध्वनिफितीवर त्या शर्टाचा सौदा चाललेला असताना हुशार मुलं तो ऐकतच नाहीत, तेवढ्या वेळात पुढच्या प्रश्नांचे पर्याय वाचून घेतात.

गाओखाओ, म्हणजे चीनची महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा, ७ जूनला सुरू होते. इंग्रजीचा पेपर ८ तारखेला दुपारी ३ ते ५. परीक्षा केंद्रांच्या आसपास त्या वेळी बांधकामं थांबवतात, हॉर्न वाजवायला मनाई असते. एकूण ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे, चिनी भाषा आणि गणिताइतकेच. इंग्रजीऐवजी जपानी, रशियन, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिशही घेता येते, पण बहुसंख्य मुलं इंग्रजीच घेतात.

मी इंग्रजी शिकवते, पेपर काढते आणि तपासते. उताऱ्यावरचे प्रश्न काढायला बसलं की ‘हा अवघड झाला का?’ या शंकेला दरवेळी तोंड द्यावं लागतं, आणि पेपर होऊन गेल्यावर उत्तर कळून काही उपयोग नसतो. झेजियांग प्रांतात २०१८ च्या नोव्हेंबरात नेमकं हेच घडलं. पेपर अवघड निघाला हे परीक्षा झाल्यावर लक्षात आलं आणि तिथल्या परीक्षा यंत्रणेने तो मागाहून सोपा करायचा प्रयत्न केला. निकाल लागल्यापासून बारा दिवसांत प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. आपल्याकडे या प्रकरणाची चर्चा फारशी झाली नाही. ती व्हायला हवी होती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पेपर कसा असतो

झेजियांगचा त्या वेळचा पेपर दोन तासांचा. सुरुवात श्रवणाने. वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण, एकूण ३०. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात. पुढचे संवाद आणि एकपात्री निवेदनं दोनदा. पर्याय तीनच. विषय रोजच्या जगण्यातले: गाडी किती वाजता सुटते, बाई कुठे नोकरी करते, दोघं शनिवारी काय करणार.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण मुलाला एकोणीस आणि नऊ, पंधरा आणि पन्नास यांतला फरक एका श्वासात पकडायचा असतो. शिवाय चिनी माणूस मोठे आकडे दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी मोजतो. इंग्रजीतलं मिलियन कानावर पडलं की त्याला मनात ‘शंभर दहाहजार’ असा हिशेब करावा लागतो. लाख-कोटींत वाढलेल्या मराठी मुलाला ही अडचण समजावून सांगायला नको. मिलियन म्हणजे दहा लाख हे आठवेपर्यंत आपल्याकडच्या मुलाचंही पुढचं वाक्य निघून गेलेलं असतं.

मग वाचन, ३५ गुणांचं. उताऱ्यांवर दहा प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. त्यानंतर ज्याला तिथले शिक्षक ‘सातातून पाच’ म्हणतात तो प्रकार: उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात, खाली सात वाक्यं दिलेली असतात, त्यांतली पाच योग्य जागी बसवायची. दोन वाक्यं फसवी. पाच प्रश्न, प्रत्येकी २ गुण. मला हा प्रकार फार आवडतो. शब्दांचे अर्थ पाठ करून तो सुटत नाही. लेखक एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा जातो हे कळावं लागतं. एक वाक्य चुकीच्या जागी बसलं की बहुतेकदा दुसरंही चुकतं, म्हणजे २ नाही तर ४ गुण जातात.

उतारे इंग्रजी वर्तमानपत्रं आणि मासिकांतून घेऊन थोडे बदललेले असतात. अभ्यासक्रमात साधारण ३५०० शब्द अपेक्षित आहेत, आणि मुलं ते शब्द वहीत उतरवून, भिंतीवर चिकटवून पाठ करतात. तरी अडचण राहते ती वाक्याच्या बांधणीत. चिनी भाषेत नामाची सगळी विशेषणं नामाच्या आधी येतात. आपल्याकडेही ‘काल गावाहून आलेला माणूस’ असंच आपण म्हणतो. इंग्रजी मात्र आधी माणूस सांगते आणि मग त्याच्यामागे तो कोण, कुठून आला, कशासाठी आला याची शेपटी जोडत जाते. चिनी मुलगा अशा वाक्यात मागून पुढे वाचू लागतो, एकेक ओळ दोनदा वाचतो, आणि घड्याळ पुढे गेलेलं असतं. वाचन अवघड जातं त्याचं मोठं कारण मला हे वाटतं. शब्द माहीत असूनही मुलं हरतात.

तिसरा भाग गाळलेल्या जागांचा, ४५ गुणांचा. शेवटी लेखन ४० गुणांचं: एक पत्रासारखं छोटं लिखाण आणि एक २५ गुणांचं मोठं. छोट्या लिखाणात उमेदवाराला बहुधा ‘ली हुआ’ व्हायचं असतं. हा कल्पित विद्यार्थी देशभरच्या पेपरांतून कित्येक वर्षं परदेशी मित्रांना पत्रं लिहितो आहे. मोठ्या लिखाणात झेजियांगने नवा प्रकार आणला होता. कधी एक लांबलचक गोष्ट वाचून ती पुढे पूर्ण करायची, कधी उतारा वाचून त्याचा गोषवारा लिहायचा. म्हणजे लेखनाच्या त्या २५ गुणांतही पहिली परीक्षा वाचनाचीच. उतारा कळला नाही तर लिहिणार काय? ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी ध्यानात ठेवायला हवी.

दोन संधी

चीनने २०१४ मध्ये गाओखाओच्या सुधारणेचा आराखडा जाहीर केला आणि शांघाय व झेजियांग या दोन ठिकाणी तो आधी राबवायचं ठरलं. नव्या पद्धतीची पहिली तुकडी २०१७ मध्ये बाहेर पडायची होती. त्यात इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येणार होती, आणि दोन्हींतले जास्त गुण धरले जाणार होते. एका दुपारच्या तापावर किंवा पोटदुखीवर मुलाचं आयुष्य ठरू नये, हा हेतू उघड होता आणि चांगला होता. झेजियांगमधली अशी पहिली इंग्रजी परीक्षा ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. नंतर ती नोव्हेंबरात होऊ लागली आणि दुसरी नेहमीप्रमाणे जूनमध्ये.

मुलांनी आणि शिक्षकांनी या सोयीचा लगेच वेगळा उपयोग केला, तो समजण्यासारखा आहे. नोव्हेंबरात इंग्रजीत मनासारखे गुण पडले की इंग्रजीची पुस्तकं बांधून ठेवायची आणि उरलेले सात महिने गणिताला द्यायचे. त्यामुळे पहिली फेरी नावाला पहिली राहिली. पुष्कळांसाठी तीच खरी परीक्षा झाली.

याच सुधारणेत आणखी एक तरतूद होती. इतिहास, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र वगैरे निवडक विषयांचे गुण झेजियांगमध्ये क्रमवारीवरून ठरत. मुलांच्या २१ पायऱ्या पाडायच्या, सर्वांत वरच्या पायरीला १००, मग तीन-तीन गुणांनी उतरत ४० पर्यंत. हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. चिनी, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांबाबत मात्र शब्द वेगळा होता: पेपरात जे पडतील तेच गुण. परीक्षेचे हे कच्चे, न फुगवलेले गुण चिनी मुलं ‘उघडे गुण’ म्हणून ओळखतात. दोनदा परीक्षा आणि तरीही उघडे गुण, या दोन आश्वासनांचा आपसात मेळ कसा बसणार याचं उत्तर आराखड्यात कुठेच नव्हतं. प्रकरणाची मुळं मला इथे दिसतात. २०१८ च्या शरद ऋतूत घडलं ते फक्त वर आलेलं झुडूप.

२४ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर

निकाल शनिवारी, २४ नोव्हेंबर २०१८ ला लागला. चीनमध्ये परीक्षा झाली की उत्तरसूची हाताशी घेऊन स्वतःचे गुण मोजायची सर्रास पद्धत आहे. पर्यायी प्रश्नांचे तर अर्ध्या गुणापर्यंत अचूक मोजता येतात. मुलांनी मोजले होते. निकालाचा आकडा त्याच्याशी जुळेना. अनेकांना अपेक्षेपेक्षा बरेच जास्त गुण मिळाले होते, तर वरच्या पट्टीतल्या मुलांची तक्रार अशी की आपला आकडा जेमतेम हलला आणि मागचे सगळे अंगावर येऊन थांबले.

पालकांनी विचारणा सुरू केली. काही दिवसांत प्रांताच्या परीक्षा यंत्रणेने खुलासा दिला. त्याचा आशय असा: वर्षातून दोन परीक्षा होत असल्याने त्यांची काठिण्यपातळी साधारण सारखी ठेवावी लागते, या वेळचे काही प्रश्न गेल्या वर्षीच्या याच फेरीपेक्षा अवघड निघाले, म्हणून तपासणीचे नियम ठरवताना वाचन आणि लेखन या भागांतल्या काही प्रश्नांना सर्व उमेदवारांसाठी भारित गुण, म्हणजे त्या प्रश्नांचं वजन बदलून वाढवलेले गुण, देण्यात आले. चिनी भाषेत यासाठी ‘ज्याछ्वान फूफन’ असा शब्द आहे. त्या आठवड्यात तो घराघरांत पोहोचला.

खुलाशाने लोक शांत होण्याऐवजी जास्त संतापले. आधी संशय होता, आता कबुली मिळाली होती.

१ डिसेंबरला प्रांत सरकारने चौकशी पथक नेमलं. प्रमुख खुद्द गव्हर्नर युआन ज्याजुन. हे गृहस्थ राजकारणात येण्यापूर्वी शेनचोऊ अंतराळयानांच्या कामावर होते, आकड्यांशी खेळणं त्यांना नवं नव्हतं. ५ तारखेला निष्कर्ष जाहीर झाला: निर्णय गंभीर चुकीचा होता आणि त्यातून घडलेली ही मोठी, जबाबदारी निश्चित करण्याजोगी दुर्घटना आहे. भारित गुण रद्द, उघडे गुण परत. शिक्षण खात्याच्या प्रमुखांचं पद गेलं.

बारा दिवस. एवढ्या वेळात आपल्याकडे फेरतपासणीचा अर्जसुद्धा पुढे सरकत नाही, हे मान्य करायला हवं.

गुण वाढवले तर बिघडलं कुठे?

पहिल्यांदा ऐकताना कुणालाही वाटेल, सगळ्यांचेच गुण वाढवले ना? मग नुकसान कुणाचं? याचं उत्तर कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

समजा दोन मुली आहेत. वाचन आणि लेखन मिळून ७५ गुण. पहिलीला पडले ७०, दुसरीला ५२. दोघींत १८ चं अंतर. आता पेपर अवघड होता म्हणून प्रत्येकीच्या गेलेल्या गुणांपैकी एक तृतीयांश परत दिले असं धरू. पहिलीचे गेले होते ५, तिला मिळाले पावणेदोनच्या आसपास. दुसरीचे गेले होते २३, तिला मिळाले साडेसातहून थोडे जास्त. अंतर उरलं १२. प्रांताने हेच सूत्र वापरलं असं मी म्हणत नाही. पण कमाल गुण ठरलेले असताना आकडे वर ढकलले की ते असेच वागतात. वर छप्पर आहे. छपराजवळ उभी असलेली मुलगी वर कुठे जाणार?

सहा गुणांचा फरक म्हणजे काय, तेही पाहू. झेजियांगमध्ये दरवर्षी सुमारे तीन लाख मुलं गाओखाओला बसतात. प्रांत निकालाबरोबर एक तक्ता छापतो, त्यात प्रत्येक गुणावर किती मुलं आहेत ते दिलेलं असतं. तीन लाख मुलं ७५० गुणांवर सारखी पसरवली तरी एकेका गुणावर ४०० येतात, आणि प्रत्यक्षात मधल्या पट्ट्यात ती कितीतरी दाट असतात. चिनी शाळांत एक घोषवाक्य प्रसिद्ध आहे: एक गुण वाढवा, हजारांना मागे टाका. ते क्रूर आहे. पण त्यातलं गणित खोटं नाही.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खुपते. श्रवणाच्या ३० गुणांना कुणी हात लावला नाही. वाचन-लेखनातलं अंतर आक्रसलं आणि श्रवणातलं जसंच्या तसं राहिलं. वरच्या उदाहरणात वाचनातल्या एका गुणाची किंमत श्रवणातल्या एका गुणाच्या दोन तृतीयांश झाली. आता लिशुईसारख्या डोंगराळ भागातल्या एखाद्या शाळेची कल्पना करा, आणि हांगझोऊमधल्या एका शाळेची. शहरातल्या मुलाला चांगले हेडफोन, इंग्रजी बोलणारे शिक्षक, परदेशी वाहिन्या, सुट्टीतला परदेश प्रवास यांतलं काहीतरी लाभलेलं असतं. त्याचा कान तयार असतो. डोंगरातल्या मुलीच्या हातात असतात जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे. चिनी मुलं याला ‘प्रश्न घासणं’ म्हणतात, भांडी घासावीत तसं. घासून घासून वाचन सुधारतं. कान तसा सुधारत नाही. म्हणजे ज्या भागात ती मुलगी कष्टाने पुढे जाऊ शकत होती, नेमकी त्याच भागातली कमाई स्वस्त झाली. निर्णय घेणाऱ्यांचा असा हेतू मुळीच नसणार. पण गुणांचं वजन बदलताना कुणाच्या पारड्यातून काय काढलं जातंय हे त्यांनी पाहायला हवं होतं.

तिसरी गोष्ट तुलनेची. यंत्रणेने तुलना केली ती गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरशी. पण त्या नोव्हेंबरात बसलेली बहुतेक मुलं २०१८ च्या जूननंतर महाविद्यालयात जाऊन पोहोचली होती. या मुलांची स्पर्धा त्यांच्याशी नव्हतीच. ती होती एकमेकांशी, आणि येत्या जून २०१९ मध्ये दुसऱ्यांदा बसणाऱ्यांशी. तो जूनचा पेपर अजून कुणी सोडवलेला नव्हता, त्याची काठिण्यपातळी कळायला मार्गच नव्हता. नोव्हेंबरात एकाच दुपारी सगळ्यांनी तोच अवघड पेपर सोडवला असेल, तर त्या फेरीपुरता अन्याय कुणावरच झाला नव्हता. ज्यांना तो फारच जड गेला त्यांच्यासाठी जून होताच. दुसरी संधी त्याचसाठी ठेवली होती.

आणि मग गुण काढून घेतले, तेव्हा काय झालं असेल? २४ तारखेला एखाद्या घरात निकाल पाहून आई रडली असेल, बापाने नातेवाइकांना फोन केले असतील, मुलाने इंग्रजीची पुस्तकं खोक्यात भरली असतील. ५ डिसेंबरनंतर ते खोकं परत उघडावं लागलं. त्या मुलाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. वरच्या पट्टीतल्या मुलीनेही नव्हतं. दोघांच्या बारावीच्या वर्षातले बारा दिवस गेले, आणि पेपरावरचा भरवसा गेला तो वेगळाच. उघडे गुण परत देणं बरोबर होतं, दुसरा रस्ता नव्हता. तरी त्या निर्णयाने दोन्ही बाजूंची मुलं दुखावली गेली.

काठिण्यपातळी जुळवायची कशी

दोन वेगळे पेपर एका मापात आणायचे तर शास्त्र आहे. सर्वांत भरवशाची रीत म्हणजे दोन्ही पेपरांत काही समान प्रश्न ठेवायचे. दोन्ही गटांतल्या मुलांनी ते समान प्रश्न कसे सोडवले यावरून गट किती हुशार आणि पेपर किती अवघड हे वेगळं करता येतं. नाही तर गुण कमी का पडले हे सांगता येत नाही. पेपर अवघड होता, की मुलांची तयारी कमी होती? नोव्हेंबरची आणि जूनची मुलं एकाच तयारीची नसतातच, मध्ये सात महिन्यांचा अभ्यास असतो.

चीनला हे ठाऊक नव्हतं असं अजिबात नाही. ग्वांगझोऊच्या परकीय भाषा संस्थेतले प्राध्यापक गुई शिचुन यांनी १९८५ पासून ग्वांगदोंग प्रांतात इंग्रजीची प्रमाणित प्रवेश परीक्षा उभी केली. वेगवेगळ्या वर्षांचे पेपर समान प्रश्नांच्या आधारे एका मोजपट्टीवर आणायचे प्रयोगही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ग्वांगदोंगमध्ये बरीच वर्षं कच्च्या गुणांऐवजी प्रमाणित गुण, म्हणजे इतरांच्या तुलनेत मूल कुठे आहे ते दाखवणारे गुण, दिले जात. हायनान प्रांतात ती पद्धत पुढेही चालू राहिली. म्हणजे झेजियांगपुढे आलेला प्रश्न तीन दशकं जुना होता आणि त्यावर विचार केलेली चिनी माणसं चीनमध्येच होती.

मग समान प्रश्न का वापरले नाहीत? कारण गाओखाओच्या पेपरावर छापलेलं असतं: ‘अति गोपनीय, वापर सुरू होईपर्यंत’. पेपर काढणाऱ्यांना महिनाभर किंवा जास्त बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. कोणताही प्रश्न आधी कुणावर वापरून पाहायचा नाही, आणि परीक्षा संपली की सगळा पेपर जगजाहीर. अशा व्यवस्थेत एखादा प्रश्न दोनदा वापरता येत नाही, आणि वाचनाचा उतारा किती अवघड आहे हे आधी कळायला मार्ग राहत नाही. काढणाऱ्याच्या अनुभवावर भिस्त ठेवावी लागते. मी स्वतः अनेकदा सोपा समजून दिलेला उतारा मुलांना जड गेलेला पाहिला आहे. उताऱ्यातली एखादी गोष्ट, बर्फावरची घसरगाडी म्हणा किंवा परसात मांडलेला जुन्या वस्तूंचा सेल, मुलांनी कधी पाहिलेलीच नसते, आणि शब्द सगळे ओळखीचे असूनही चित्र उभं राहत नाही. हे घरी बसून पेपर काढताना सुचत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की यंत्रणेची अडचण खरी होती, पण ती सोडवायची वेळ परीक्षेनंतरची नव्हती. निवडक विषयांना जशी क्रमवारीची पायरी लावली होती तशी इंग्रजीलाही लावणार असं आधी सांगितलं असतं, तर मुलांनी नाराजीने का होईना स्वीकारलं असतं. न सांगता, परीक्षा झाल्यावर, फक्त काही प्रश्नांपुरतं वजन बदलणं म्हणजे अर्धा सामना झाल्यावर सीमारेषा आत घेणं.

आपल्याकडे

मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच दिसेल. जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून जास्त वेळा होऊ लागली आणि चांगला गुण धरला जाऊ लागला, म्हणजे रचना झेजियांगसारखीच. फरक असा की जेईईत कच्चे गुण देऊ असा शब्द कधी दिलाच नव्हता. प्रत्येक सत्रातली मुलाची टक्केवारीतली जागा, म्हणजे पर्सेंटाइल, हाच गुण, हे पहिल्या दिवसापासून जाहीर होतं. आपल्या एमएचटी-सीईटीतही तेच. या पद्धतीवर तक्रारी आहेत, आणि काही रास्त आहेत. माझ्या ओळखीतले पालक दर वर्षी विचारतात की सकाळच्या सत्रात बसलेल्या आपल्या मुलीचे जास्त गुण असून पर्सेंटाइल कमी कसा. पण त्यांना नियम मागाहून बदलला असं म्हणता येत नाही.

नियम मागाहून बदलल्याची उदाहरणं आपल्याकडेही आहेत. २०१७ मध्ये सीबीएसईने बारावीची परीक्षा होऊन गेल्यावर गुणांचं मॉडरेशन, म्हणजे अवघड पेपरासाठी गुण वाढवून द्यायची रीत, बंद करायचं ठरवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरतं ते चालू ठेवायला लावलं, कारण मुलं जुन्या नियमावर विसंबून परीक्षेला बसली होती. महाराष्ट्रात २०१० चा ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा वाद आठवत असेल. अकरावीच्या प्रवेशात दहावीचे कोणते गुण मोजायचे यावरून पालक उच्च न्यायालयात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं. आपल्याकडे न्यायालय होतं. झेजियांगमध्ये गव्हर्नरचं पथक. दोन्हीकडे आधी हवालदिल झालेली मुलं होती.

पुढे काय झालं

झेजियांगने दोन संधी सोडल्या नाहीत, आणि मला त्याचं समाधान वाटतं. पहिली फेरी मात्र नोव्हेंबरातून जानेवारीत नेली. यामुळे दोन फेऱ्यांमधलं अंतर कमी झालं आणि शाळेत इंग्रजी थोडं जास्त दिवस शिकवलं जाऊ लागलं. जानेवारीत पहिल्यांदा परीक्षा झाली ती २०२० मध्ये. काही दिवसांतच वुहान बंद झालं, शाळा बंद झाल्या, आणि त्या वर्षीचा गाओखाओ जूनऐवजी ७ आणि ८ जुलैला घ्यावा लागला. ज्या मुलांनी जानेवारीत इंग्रजीचे चांगले गुण खिशात घातले होते, त्यांना त्या विचित्र वसंतात घरी बसून निदान एका विषयाची काळजी नव्हती.

इतर प्रांतांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. बीजिंगने संपूर्ण पेपर दोनदा घेण्याऐवजी फक्त श्रवण वेगळं काढलं. ते संगणकावर, वर्षातून दोनदा, जास्त गुण धरून घेतलं जातं. २०२१ पासून त्यात बोलण्याचीही परीक्षा जोडली, श्रवणाचे ३० आणि बोलण्याचे २० मिळून ५० गुण. वाचन आणि लेखन जूनमध्ये एकदाच. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. छोटे संवाद, तीन पर्याय, ठरलेला वेग, रोजचे विषय: श्रवणाचे दोन पेपर एकमेकांच्या जवळ ठेवणं त्या मानाने सोपं आहे. वाचनाचे दोन उतारे एका वजनाचे काढणं फार कठीण, आणि ज्या भागात ते कठीण आहे तो भाग एकदाच घ्यावा.

२०२३ पासून झेजियांगची मुलं जूनमध्ये राष्ट्रीय पातळीवरचा, अनेक प्रांतांना समान असलेला पेपर सोडवतात. इंग्रजी जानेवारीत एकदा, जूनमध्ये एकदा. गुण उघडे. श्रवणाचा भाग सुरू झाला की अजूनही पहिल्यांदा तो शर्ट विकला जातो, नऊ पौंड पंधरा पेन्सला, आणि वर्गातली मुलं पेन्सिल हातात धरून पहिल्या प्रश्नाचे तीन पर्याय वाचत असतात.